असाकुसातले लाकडी ठसे आणि बाबांचं रजिस्टर

पाचपैकी चार तारे. एक कशापायी कापला ते पुढं सांगते.

माझ्या बाबांचा इचलकरंजीत छापखाना होता. आधी अक्षरांचे खिळे जुळवून ट्रेडल यंत्रावर छपाई, नंतर स्क्रीन प्रिंटिंग. लग्नपत्रिका, मागवाल्यांची बिलबुकं आणि दिवाळीच्या आधी महिनाभर नुसती कॅलेंडरं. गेल्या एप्रिलात आईबाबा आमच्याकडं तोक्योत, निशी-कासाईला आले. आईला देवळं, बाग, डिपार्टमेंट स्टोअरचं तळघर सगळंच आवडलं. बाबा मात्र चौथ्या दिवसापासून बाल्कनीत बसून मेट्रोचे डबे मोजायला लागले. म्हणून मी असाकुसा भागातल्या, लाकडी ठशांनी जपानी चित्र छापायच्या एका छोट्या कार्यशाळेत तीन जागा बुक केल्या: बाबा, मी आणि माझी 10 वर्षांची लेक. आईनं जिन्याचा फोटो बघूनच नकार दिला, आणि ते बरंच झालं. जिना अरुंद आहे, वर गेल्यावर जमिनीवर मांडी घालून बसायचं असतं. गुडघ्याचा त्रास असेल तर आधी सांगा, बुटकं स्टूल देतात.

माणशी 4000 येन, वेळ दीड तास, पाच रंगांचं पोस्टकार्ड. ठसे आधीच कोरलेले असतात, आपण फक्त छापायचं. हे बुक करतानाच स्पष्ट लिहिलेलं असतं. हातात पटाशी घेऊन चेरीचं लाकूड कोरायची हौस असेल तर ही जागा तुमच्यासाठी नाही.

सुरुवातीची 15 मिनिटं पडद्यावर चित्रं दाखवत एदो शहराची माहिती सांगतात. एदो म्हणजे आजचं तोक्यो. 1603 साली तोकुगावा इएयासू शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश झाला आणि राज्यकारभार इथून चालायला लागला. सम्राट क्योतोलाच राहिला, सत्ता मात्र इथं आली. सगळ्या सरदारांना एक वर्ष आपल्या मुलखात आणि एक वर्ष एदोत राहायची सक्ती होती. त्यांच्यासोबत शिपाई, कारकून, नोकरचाकर अशी पलटण यायची. अठराव्या शतकात वस्ती 10 लाखांच्या घरात गेली होती, आणि त्यात बाईपेक्षा पुरुष कितीतरी जास्त. गावाकडं परत जाताना न्यायला हलकी, गुंडाळून मावेल अशी, स्वस्त वस्तू कुठली? छापील चित्र. सोबा नूडल्सच्या वाडग्याला 16 मोन (तेव्हाची नाणी) पडायचे आणि चित्राची किंमतही त्याच्याच आसपास असायची. आज काचेमागं अंधाऱ्या खोलीत ठेवलेली ही चित्रं तेव्हा लोक भिंतीवर डकवायचे आणि फाटली की फेकून द्यायचे.

इथवर ठीक होतं. पण पडद्यावर एका मागोमाग एक सुंदर बायका यायला लागल्या आणि लेकीनं विचारलं, "ह्या कोण?" शिकवणारे सेन्सेई म्हणाले, "त्या काळच्या फॅशन मॉडेल." तारा कापला तो इथं. त्यातल्या कितीतरी चित्रांत योशिवारा ह्या वेश्यावस्तीतल्या बायका आहेत. 1657 च्या मोठ्या आगीनंतर ती वस्ती हलवून असाकुसाच्या मागं नेली, म्हणजे आम्ही बसलो होतो तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. घरच्या कर्जापायी लहानपणीच विकल्या गेलेल्या मुली होत्या त्यात. दहा वर्षांच्या पोरीला सगळं उलगडून सांगा असं मी म्हणत नाही. पण "ह्यांना तिथून बाहेर जायची मुभा नव्हती" एवढं वाक्य कुठल्याही वयाला पेलतं. मेट्रोत मीच सांगितलं तिला.

आता मुख्य काम. सेन्सेईंनी पहिला ठसा पुढ्यात ठेवला आणि बाबा स्टुलावरून पुढं सरकले. ठशाच्या कोपऱ्यात काटकोनी खाच आणि त्याच कडेला थोड्या अंतरावर एक सरळ खाच. ह्या दोन्ही खाचांना केंतो म्हणतात. कागदाचा कोपरा पहिल्या खाचेत बसवायचा, कड दुसरीला टेकवायची आणि कागद अलगद सोडायचा. पाचही ठशांवर ह्या खाचा अगदी त्याच जागी कोरलेल्या. म्हणून रंगावर रंग बरोबर बसतो.

"पिना नाहीत, गेज नाही?" बाबा.

"नाही म्हणतायत."

"आणि कागद ओला. ओला कागद ताणतो की गं. विचार त्यांना."

विचारलं. कागद आदल्या दिवशी ओलसर करून थप्पीत दाबून ठेवतात, म्हणजे सगळे ताव सारखेच फुगलेले असतात, असं उत्तर मिळालं. बाबा गप्प झाले. चाळीस वर्षं ज्यांनी "रजिस्टर बसलं का?" (म्हणजे रंगावर रंग नेमका बसला का) ह्या एका प्रश्नावर पोरांना झापलं, त्या माणसाला गप्प झालेलं मी पहिल्यांदा बघत होते.

रंग पाण्यातले, सोबत चिमूटभर तांदळाची खळ. आखूड केसांच्या ब्रशनं ठशावर पसरायचा, कागद ठेवायचा आणि पाठीमागून बारेननं घासायचं. बारेन म्हणजे बांबूच्या आवरणात गुंडाळलेली गोल चकती, आत पिळाच्या दोरीचं वेटोळं. खळ म्हटल्यावर बाबा हसले. "सायझिंगला सुताला लावत्यात तीच की! इचलकरंजीचा माणूस इथं उपाशी मरायचा नाही."

दोन ठशांच्या मधे सेन्सेईंनी जे सांगितलं त्यासाठी मी पुन्हा पैसे भरून बुक करेन. जुन्या जपानी पंचांगात महिने 30 किंवा 29 दिवसांचे असायचे आणि कुठला मोठा, कुठला छोटा हे दरवर्षी बदलायचं. मग हौशी लोक चित्रात लपवलेली कॅलेंडरं करून घ्यायचे. किमोनोच्या नक्षीत, पंख्याच्या काड्यांत महिन्यांचे आकडे दडवलेले असायचे, आणि नवीन वर्षाला ती एकमेकांना द्यायची. 1765 साली ह्या हौसेला ऊत आला. पैसेवाल्यांनी सुझुकी हारुनोबूसारख्या चित्रकारांकडून उंची कागदावर, एकेका रंगाला वेगळा ठसा लावून अशी चित्रं करून घेतली. पुढं प्रकाशकांनी त्याच ठशांतून आकडे काढून टाकले आणि चित्रं बाजारात आणली. लोकांनी त्यांना नाव दिलं निशिकी-ए, म्हणजे किनखापी चित्रं.

मी भाषांतर संपवायच्या आत बाबा म्हणाले, "म्हणजे कॅलेंडरवरच उभा राहिला धंदा."

त्यांचा पुढचा प्रश्न: "पैसा कुणाचा?" हा प्रश्न मला कधी सुचला नसता. पैसा प्रकाशकाचा. तो विषय ठरवणार, चित्रकाराला काम देणार. चित्रकार पातळ कागदावर रेघा काढून देणार. कोरणारा तो कागद उलटा करून लाकडावर चिकटवणार आणि त्यातूनच कोरणार, म्हणजे मूळ चित्र कोरताना नष्ट. मग छापणारा. आपण नुसतं चित्रकाराचं नाव, होकुसाई, घेऊन मोकळे होतो, पण एका तावावर चार धंद्यांचे हात असतात. ह्या दीड तासात चौथ्याचं काम तेवढं करायला मिळतं, आणि ते मात्र खरंखुरं करायला मिळतं. स्टिकर चिकटवल्यासारखं नाही.

भिंतीवरच्या एका जुन्या चित्रावर बाबांनी बोट ठेवलं. "हा शिक्का कशाचा?" तो सेन्सॉरचा. 1790 नंतर सरकारी तपासणीशिवाय चित्र छापता येत नसे. उतामारो ह्या चित्रकाराला 1804 मध्ये हिदेयोशी ह्या आधीच्या सत्ताधीशाची चित्रं काढली म्हणून 50 दिवस हातात बेड्या घालून ठेवलं होतं. हे सगळं सेन्सेईंना तोंडपाठ होतं आणि विचारल्यावर रंगून सांगितलं. पडद्यावरच्या फुलापाखरांपेक्षा हेच का नाही सांगत? तेव्हा तुम्ही गेलात तर प्रश्न विचारा. गप्प बसलात तर चेरीच्या फुलांवरच भागवावं लागेल.

चौथा ठसा आभाळाचा, निळा. हा निळा म्हणजे बेरो, बर्लिनचा. युरोपातून आलेला हा रंग 1830 च्या सुमारास एदोत स्वस्त झाला आणि होकुसाईच्या फुजी पर्वताच्या चित्रांपासून सगळीकडं पसरला. आभाळ वरती गडद आणि खाली येता येता पुसट करायचं, त्याला बोकाशी म्हणतात. त्यासाठी कोरीव असं काहीच नसतं. ओल्या ठशावर ब्रशच्या एका टोकाला रंग घेऊन हातानंच उतार साधायचा, प्रत्येक तावाला नव्यानं. बाबांचं रजिस्टर पाचही रंगांत केसभर हललं नाही, पण बोकाशी तीनदा फसली. आभाळाच्या जागी निळी पट्टी. लेकीची पहिल्याच खेपेला जमली. "स्क्वीजी असता तर दाखवलं असतं," एवढंच बाबा बोलले. स्क्वीजी म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगची शाई ओढायची रबरी पट्टी.

शेवटची दहा मिनिटं घाईची जातात. पुढची तुकडी जिन्यात उभी असते, ॲप्रन अंगातून जवळजवळ काढूनच घेतात. तरी बाबांनी जाता जाता विचारलंच, "वेस्टेज किती धरता?" सेन्सेईंना आधी प्रश्नच कळेना. कळला तेव्हा त्यांनी खालचा खण ओढून दाखवला. खराब तावांनी गच्च भरलेला. दोघं एकमेकांकडं बघून इतके हसले की मला भाषांतर करावं लागलं नाही.

जाणार असाल तर त्याच आठवड्यात हाराजुकूचं ओता संग्रहालय बघा. उजेडानं रंग उडतात म्हणून तिथली चित्रं सारखी बदलतात आणि मधले काही दिवस बंद असतं, तेव्हा तारखा बघून जा. हिरोशिगे ह्या चित्रकाराच्या पावसाच्या रेघा दिसल्या तर जवळ जाऊन बघा. आपण स्वतः एक ठसा घासल्यावर त्या रेघा कोरणाऱ्याबद्दल वेगळंच वाटतं. होकुसाईचं संग्रहालय र्योगोकूला आहे. तिथं मूळ चित्रांपेक्षा पोरांना दाबायची बटणं आवडली.

आणि एक, घरून कडक फाइल घेऊन जा. पोस्टकार्ड ओलसरच असतं आणि ते पातळ प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून देतात. निहोनबाशीला गाडी बदलेपर्यंत आमची तिन्ही कार्डं पापडासारखी वळली होती. बाबांनी रात्री ती वर्तमानपत्रात घालून पोळपाटाखाली ठेवली, वर पोह्यांचा डबा. सकाळी सपाट.