तान्ह्या बाळाच्या खुब्याची सोनोग्राफी: डॉक्टरीणबाई पक्क्या, बाहेर हाल

नात पायाळू, त्यात मुलगी, त्यात पहिलटकरणीची. खुबा निसटायचा धोका अशांनाच जास्त. जन्मल्यावर बालरोगतज्ज्ञांनी मांड्या फाकवून पाहिल्या, सांधा घट्ट होता. तरी म्हणाले, सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी कराच, हाताला न लागणारा दोष त्यात दिसतो. एक्स-रे इतक्यात उपयोगाचा नाही. मांडीच्या हाडाचा गोळा अजून कूर्चेचा असतो, तो उमटतच नाही.

म्हणून कोल्हापुरातल्या या सेंटरला गेलो. वेळ अकराची, आत घेतलं साडेबाराला. एसी असा की टोपडं काढायची हिंमत होईना. पाजायला आडोसा नाही. बायकांचीच ये-जा असलेल्या जागी इतकंही सुचू नये? काउंटरवरची मुलगी विचारते, "पोटाची का?"

आतला कारभार मात्र वेगळाच. जेल कोमट केलेलं. बाळाला फोमच्या खोबणीत कुशीवर ठेवलं, लंगोट एकाच बाजूने सोडला, लेकीला समोर उभं करून खांदा धरायला लावला. पडद्यावर कमरेच्या हाडाची कड सरळ रेघेसारखी दिसेपर्यंत बाईंनी चित्र गोठवलं नाही. मग रेघा ओढून कोन मोजले: उजवा ६२ अंश, डावा ५६. ६० आणि वर म्हणजे गोळा बसतो ती उखळी नीट खोल. ५० ते ५९ म्हणजे या वयात अजून कच्ची, टाइप २ए. बहुतेकदा आपसूक भरते, पण पुन्हा बघायचं. ही ऑस्ट्रियाच्या डॉ. ग्राफ यांची पद्धत. तिकडे १९९२ पासून सगळ्याच बाळांची अशी तपासणी होते.

न्हाऊ घालणाऱ्या मावशी पाय जुळवून करकचून बांधायच्या, ते बाईंनी बंद करायला लावलं. वरचं अंग गुंडाळा, पाय दुमडून फाकलेले मोकळे राहू देत. "पाय वाकडे राहतील हो!" म्हणून मावशी आठवडाभर फुगलेल्या.

बाराव्या आठवड्यात डावा ६३. पाय फाकवून धरणारे पट्टे लावावे लागले नाहीत.

एका वेळचे १,८०० रुपये. रिपोर्टवर दोन्ही बाजूंची चित्रं, कोन आणि टाइप. कुठेही जा, आधी फोनवर विचारा, ग्राफ पद्धतीने कोन मोजून देता का? नुसतं 'नॉर्मल' लिहून मिळणार असेल तर पैसे घालवू नका. आणि इथे जाणार असाल तर रिक्षा करा, पार्किंग नाही.