बाबांच्या छापखान्याचं डॉट कॉम विकलं: डोमेन ब्रोकरचा अनुभव

बाबांचा इंदूरला रामबागेत छापखाना होता. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांची प्रगतिपत्रकं असं काम. 2001 मध्ये त्यांनी जेल रोडवरच्या एका ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याकडून प्रेसच्या नावाचं डॉट कॉम, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता (डोमेन), घेऊन ठेवलं. नाव पाच इंग्रजी अक्षरांचं, मराठीत आणि हिंदीत रोज तोंडी येणारा शब्द. कोणता ते गुप्त ठेवायचं करारात कबूल केलंय, म्हणून लिहीत नाही. पुढे प्रेस बंद झाली, 2019 ला बाबा गेले, पण दरवर्षी त्या नावाचे पैसे मी भरत राहिले. गेल्या वर्षी ते विकलं. ज्या ब्रोकरमार्फत, म्हणजे अशी नावं विकून देणाऱ्या दलालामार्फत, विकलं त्यांच्याबद्दल माझी एक तक्रार आहे. ती मी त्यांना थेट लिहून कळवली आहे, त्यामुळे त्यांचंही नाव इथे देत नाही. पण काम कसं झालं ते सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे अशी जुनी नावं पुष्कळ घरांत पडून आहेत.

ब्रोकरकडे जायच्या आधी मी फसता फसता वाचले. एकाची मेल आली: चाळीस हजार डॉलर देतो, फक्त अमुक एका साइटवरून किमतीचं प्रमाणपत्र काढून पाठवा. मी कार्ड हातात घेऊन बसले होते. शेजारच्या वहिनींचा मुलगा सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपनीत आहे, त्याला सहज दाखवलं. तो म्हणाला, "मावशी, गिऱ्हाईक आणि प्रमाणपत्रवाला एकच असतो. पैसे भरले की दोघंही गायब." खऱ्या गिऱ्हाइकाला तुमच्याकडून प्रमाणपत्र कशाला हवं?

त्यानंतर महिनाभराने खरी विचारणा आली. साध्या फुकटच्या मेल पत्त्यावरून, नाव-गाव काही नाही, दीड हजार डॉलर. या वेळी मी उत्तर न देता बंगळुरूच्या एका छोट्या ब्रोकर कंपनीला गाठलं. अट अशी: विकलं गेलं तरच 15 टक्के, आणि सहा महिने दुसऱ्या कोणाकडे जायचं नाही.

पहिल्या फोनवर त्या गृहस्थांनी किमतीचा विषयच काढला नाही. नाव कोणत्या रजिस्ट्रारकडे (ज्या कंपनीकडे नाव नोंदवून दरवर्षी पैसे भरतो तिच्याकडे) आहे, कोणाच्या नावावर आहे, खात्याला कोणती मेल जोडलेली आहे, आणि बाबांनी ते खरोखर वापरल्याचा काही पुरावा आहे का, एवढंच विचारलं. पुरावा कशाला, तर उद्या कोणी ट्रेडमार्क पुढे करून यूडीआरपीखाली (डोमेनच्या नावांवरचे वाद सोडवायच्या आंतरराष्ट्रीय नियमांखाली) तक्रार केली, तर नाव प्रामाणिक धंद्यासाठी घेतलं होतं हे दाखवता यायला हवं. माळ्यावरची पेटी उतरवली. त्यात 2003 चं एक बिलबुक सापडलं. पानं पिवळी पडलेली, कार्बनची निळाई बोटांना लागत होती, आणि प्रत्येक पावतीच्या तळाशी फोन नंबरच्या शेजारी बाबांनी स्वतः जुळवलेल्या टायपात ते डॉट कॉम. मी फोटो पाठवला. ब्रोकर म्हणाले, हे पान जपून ठेवा, याला मोल आहे.

किमतीचं बोलणं त्यांनी ज्या धीराने केलं, त्याचं मला आजही कौतुक वाटतं. मी वॉइस डॉट कॉम 2019 मध्ये तीन कोटी डॉलरला गेल्याचं वाचलं होतं. त्यांनी तो विचार सोडायला लावला आणि नेमबायो या विकलेल्या नावांच्या किमती नोंदवणाऱ्या साइटवर तेवढ्याच अक्षरांची, भारतीय शब्दांची नावं कितीला गेली ते एकेक करून दाखवलं. मग विचारणाऱ्याचा शोध घेतला. त्याच शब्दाला मागे दोन शब्द जोडून लांबलचक पत्त्यावर धंदा करणारी एक कंपनी निघाली. म्हणजे त्यांना हेच नाव हवं होतं, दुसरं चालण्यासारखं नव्हतं. आम्ही अठ्ठावीस हजार सांगितले. समोरून चार हजार आले, "अंतिम" म्हणून. मग साडेसात, तेही अंतिम. त्यानंतर ब्रोकरनी नऊ दिवस उत्तरच दिलं नाही. मला झोप लागेना, आई म्हणे, "देऊन टाक गं, हातचं कशाला घालवतेस." दहाव्या दिवशी गिऱ्हाइकाचाच फोन त्यांना आला. 18,500 डॉलरला ठरलं. मी एकटी असते तर चार हजारांवर हो म्हटलं असतं.

आता तक्रार. नाव अजून बाबांच्या नावावर होतं. ते माझ्या नावावर करून घ्या, असं ब्रोकरनी सांगितलं. बाबांचा मृत्यूचा दाखला, आईचं आणि भावाचं संमतिपत्र देऊन मी ते केलं. पण मालकाचं नाव बदललं की रजिस्ट्रार 60 दिवसांचं लॉक लावू शकतो आणि तेवढे दिवस नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जात नाही, हे त्यांनी सांगितलंच नाही. आमच्या रजिस्ट्रारने ते लावलं. बदलाच्या आधीच लॉक नको म्हणून सांगायची सोय तिथे होती, तीही नंतर कळली. गिऱ्हाईक बिथरलं, चार दिवस सौदा लटकला. शेवटी त्यांनी आमच्याच रजिस्ट्रारकडे खातं उघडलं आणि नाव आतल्या आत त्या खात्यात ढकलायचं ठरलं. मार्ग ब्रोकरनीच काढला, मान्य. पण हा ज्यांचा रोजचा धंदा, त्यांच्याकडून ही चूक व्हायला नको होती.

पैशाचा व्यवहार एस्क्रो डॉट कॉमवरून झाला, म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत पैसे मध्ये धरून ठेवणाऱ्या साइटवरून. गिऱ्हाईक पैसे तिथे भरतं, भरल्याची खात्री झाली की आपण नाव सोपवतो, गिऱ्हाइकाने मिळालं म्हणून मान्य केलं की पैसे आपल्याला सुटतात. फी अर्धी अर्धी. एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून करा: पैसे जमा झाल्याचा निरोप मेलमध्ये वाचून हलू नका, स्वतः त्यांच्या साइटवर लॉगिन करून बघा. तशा खोट्या मेली सर्रास येतात. ब्रोकरचे 2,775 डॉलर वळते झाले. उरलेले इथल्या बँकेत यायला आठवडा लागला, कारण काय विकलं ते बँकेला समजावून सांगावं लागलं. करार आणि इनव्हॉइस दिल्यावर सुटले.

ब्रोकरनी आणखी दोन गोष्टी केल्या, ज्या मला कधीच सुचल्या नसत्या. सौद्याच्या आधी त्यांनी विचारलं, या पत्त्यावर अजून मेल येते का? येत होती. बाबांचं एलआयसी, आईची पेन्शनची बँक, गॅस, सगळं त्याच पत्त्याला जोडलेलं. नाव गेलं की ती प्रत्येक मेल आणि प्रत्येक पासवर्ड बदलायची लिंक नव्या मालकाच्या हातात. दोन संध्याकाळी आई चष्मा लावून शेजारी बसली आणि आम्ही एकेक खातं हलवलं, बाबांनी 2005 मध्ये घेतलेल्या त्याच नावाच्या डॉट इनवर. आणि करारात "तत्सम सर्व नावं" विकणाऱ्याने सोडून द्यावीत असं एक कलम हळूच घातलेलं होतं. ब्रोकरनी ते वाचून काढायला लावलं, नुसत्या डॉट कॉमपुरता करार करून घेतला. म्हणून आईची मेल आजही बाबांच्या नावावरच येते.