पणजोबांच्या मागावर: जनगणना, फेरफार की मृत्युपत्र?

अमेरिकेतल्या भाच्याचा मागच्या महिन्यात फोन आला. "मावशी, आपल्याकडची १९३१ ची जनगणना कुठे बघायची गं? इथे माझ्या मित्राला त्याच्या पणजोबांचं घर १९५० च्या जनगणनेत दहा मिनिटांत सापडलं." त्याचं खरं होतं. अमेरिकेत जनगणनेचे कागद ७२ वर्षांनी खुले होतात, १९५० चे २०२२ साली झाले. ब्रिटनने त्याच वर्षी १९२१ चे खुले केले. घर क्रमांक, माणसाचं नाव, वय, नातं, धंदा, सगळं बसल्या जागी.

आपल्याकडे मात्र जनगणनेच्या वाटेला जाऊच नका. जनगणना १८७२ पासून आहे, देशभर एकाच वेळी झालेली १८८१ पासून. पण छापून राहिले ते आकडे: तालुक्यात घरं किती, माणसं किती, १९३१ पर्यंत कोणत्या जातीचे किती. घरोघरचे कागद आकडे काढून झाले की रद्दीत. त्यातून १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ असं, की कुणाला त्या नोंदी पाहता येत नाहीत नि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. एकच फट आहे. १९५१ च्या जनगणनेवरून 'नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर' तयार झालं होतं, नि काही तहसिलींच्या अभिलेख कक्षांत ते अजून आहे. कुणबी नोंदींच्या शोधात जे कागद तपासले गेले त्यांत त्याचंही नाव होतं. मिळालं तर घरातली सगळी माणसं एका जागी दिसतात, बायकामुलांसकट. पण ते 'मिळालं तर' आहे, त्याच्या भरवशावर रजा काढू नका.

मग उरतात जमिनीचे कागद, शाळा आणि जन्म-मृत्यूची रजिस्टरं, कोर्टातले नि मृत्युपत्रांचे कागद, आणि तीर्थक्षेत्रीच्या वह्या. माझं मत आधीच सांगून टाकते: घराण्याकडे कधीकाळी गुंठाभर जरी जमीन असेल, तरी फेरफारापासून, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या सरकारी नोंदीपासून, सुरुवात करा. बाकी सगळं त्यानंतर.

कारण साधं आहे. खातेदार मेला की त्याच्या जागी कोण, हे सरकारला सारा वसूल करण्यासाठी लिहूनच घ्यावं लागतं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा. तेव्हापासून हळूहळू गावोगाव फेरफार रजिस्टर, म्हणजे गाव नमुना ६, सुरू झालं. आजच्या सातबारावर नावांशेजारी वर्तुळात जे आकडे असतात ते फेरफार क्रमांक. सर्वांत जुना आकडा धरायचा, तो फेरफार काढायचा, त्यातल्या नावावरून जुना सातबारा, त्यावरचा आकडा, पुन्हा फेरफार. आड उपसल्यासारखं एक एक पिढी वर येते.

आमच्या एका फेरफारातला मजकूर साधारण असा आहे: 'खातेदार रामा बिन गोविंदा मयत. वारस मुलगे १ सखाराम वय १४, २ विठू वय ९, अ.पा.क. आई चंद्रा कोम रामा. वर्दीवरून नोंद.' खाली 'मंजूर', सही, १९२६ ची तारीख. तीन ओळी, पण वाचायला शिकलं की बरंच कळतं. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. विदर्भातल्या कागदांत यांच्या जागी 'वल्द' आणि 'जौजे' दिसतील. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अल्पवयीन मुलांचा पालक. मुलं अज्ञान, म्हणजे बाप तरणाबांड गेला. विठू, म्हणजे आमचा पणजोबा, १९१७ च्या आसपासचा. नि पणजोबांच्या आईचं नाव, जे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं, ते असं आडून मिळालं, वारस म्हणून नव्हे, पालनकर्ता म्हणून.

इथेच या कागदाची खोट कळते. तो माणसं मोजत नाही, कब्जेदार मोजतो. रामाला मुली नव्हत्या का? असतीलही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या फेरफारात मुलगी शोधणं म्हणजे वाळूत सुई. दुसरी फसगत 'ए.कु.मॅ.'ची. एकत्र कुटुंब मॅनेजर. सातबारावर एकच नाव, मागे हे तीन अक्षरी शेपूट, नि त्या नावाआड चार भाऊ बसलेले. शेपूट न पाहता वंशावळ काढाल तर तीन घराणी गायब होतील. तिसरी, आजोबाचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. गोविंदा रामा, रामा गोविंदा, पुन्हा गोविंदा रामा. तारीख न बघता जोडलं की पणजोबा स्वतःचेच आजोबा होऊन बसतात. हसू नका, आमच्या एका चुलत्यांनी बाड बांधून वाटलेल्या वंशावळीत हे झालेलं आहे.

१९५६ नंतर मात्र चित्र पालटतं, आणि तेही बऱ्याचदा वाईट कारणाने. मुली वारस झाल्या, म्हणून त्यांचं नाव लागलं. नाव लागलं, म्हणून भावांनी हक्कसोड करून घेतली. हक्कसोडपत्रात बहिणीचं सासरचं पूर्ण नाव, गाव, वय असतं. विठू गेल्यानंतरच्या हक्कसोडीत आम्हाला आजोबांच्या दोन बहिणी सापडल्या, शेजारी शेजारी डाव्या अंगठ्याच्या दोन निशाण्या. घरात आम्हाला ठाऊक होती ती एकच आत्याआजी.

मागे जाताना एका ठिकाणी रस्ता तुटतो. पुष्कळ गावांत १९४७ च्या कायद्याखाली जमिनींचं एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना नंबर कळायला भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा ९(३), ९(४) चा उतारा घ्यावा लागतो. शहरात सातबाराच्या जागी मिळकत पत्रिका आणि तिच्या मागची चौकशी नोंदवही. मराठवाड्यात निजामाचा अंमल होता, तिथे खासरा पत्रक, पाहणी पत्रक, आणि जुने कागद उर्दूत. विदर्भात १९५४-५५ चे अधिकार अभिलेख ही धरायची खुंटी.

जमीन दुसऱ्याची कसणारे असाल तरी हात हलवत परत येऊ नका. नमुना १२ ची पीकपाहणी नि सातबाराचा 'इतर हक्क' हा रकाना पाहा, कुळांची नावं तिथे असतात. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतर यांतले कितीतरी मालक झाले, त्याचेही फेरफार आहेत. वतनदार घराण्यांचं तर आणखी सोपं, कारण वतन कुणाकडून कुणाकडे गेलं याची वंशावळच सरकारदरबारी द्यावी लागे. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने इनामदारांकडून कैफियती घेतल्या, त्यांतले कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराशेजारीच आहेत. हे फक्त देशमुख-कुलकर्ण्यांचं नाही. महार वतनं १९५८ च्या कायद्याने संपली, त्या जमिनी पुन्हा नावावर करून देतानाचे कागद आहेत. ज्या घरांना देवळाच्या नि पुरोहिताच्या वह्यांत जागाच दिली गेली नाही, त्यांना हा कागद फार मोलाचा.

खर्च म्हणाल तर पैशापेक्षा खेपांचा. काही जिल्ह्यांचे जुने सातबारे नि फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन होऊन आलेत, आधी तिथे बघा. नसतील तर तलाठी (आता पाटीवर ग्राम महसूल अधिकारी), मग तहसिलीचा अभिलेख कक्ष. कोर्ट फी स्टॅम्प लावून नकलेचा अर्ज. एका तहसिलीत मला 'गठ्ठा सापडत नाही' हे उत्तर तीनदा मिळालं; चौथ्या खेपेला मी गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीचं वर्ष सांगितलं, तेव्हा तो सापडला. लाल फडक्यात बांधलेला, कडा वाळवीने खाल्लेल्या. म्हणून जाताना गावाचं नाव, जुना तालुका आणि सालांचा पल्ला लिहून न्या. तालुके बदललेत, गठ्ठा जुन्याच ठिकाणी असू शकतो.

आणि मोडी. जुनं काही काढायचं तर मोडीला पर्याय नाही. आधी ओळ आखून तिला अक्षरं टांगलेली, शब्दांत जागा नाही. लिप्यंतरकार पानावर पैसे घेतात, तेव्हा सरसकट गठ्ठा देऊ नका. आपल्या आडनावाचे नि गावाच्या नावाचे मोडीतले आकार गिरवून पाठ करा, तेवढ्या ओळखीवर पानं निवडा, मग वाचायला द्या. साल शके असेल तर ७८ मिळवा, दख्खनी फसली, म्हणजे जुनं महसुली साल, असेल तर ५९०.

शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर आणि गाव नमुना १४ (जन्म-मृत्यूची नोंद, लोक कोतवाल बुकच म्हणतात) ही जोडी भूमिहीन घरांसाठी पहिली, बाकीच्यांसाठी दुसरी. शाळेत जन्मतारीख मिळते, जी मास्तरांनी अंदाजाने टाकलेली असायची. १ जूनला जन्मलेली पिढी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. बापाचं नाव, जात, आधीची शाळा मात्र बहुधा खरी. नमुना १४ मध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव सहसा नसतं, बापाचं असतं. तरी मुली इथे सापडतात, कारण जन्म कब्जेदार बघून होत नाही. जातपडताळणीसाठी शोधत असाल तर क्रमच उलटा करा, हीच रजिस्टरं आधी. तिथे पुरावा ठरावीक तारखेआधीचा लागतो, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०. तिथे सात पिढ्या कुणी विचारत नाही, त्या तारखेआधीचा एक स्वच्छ कागद आणि त्या माणसापासून तुमच्यापर्यंत न तुटलेली साखळी बघतात.

आता मृत्युपत्रं. इंग्रजी पुस्तकं वाचून लोक प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याच्या, मागे लागतात. ब्रिटिशांच्या घराण्यांना ते खाणीसारखं आहे, आपल्याला फक्त मुंबईत. १८७० च्या हिंदू विल्स ॲक्टपासून मुंबई शहरातल्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना उच्च न्यायालयाचं प्रोबेट लागू लागलं. म्हणजे पणजोबांची गिरगावात चाळ नाहीतर काळबादेवीत पेढी असेल तर जरूर पाहा. तिथे माणूस स्वतः बोलतो: कुणाला किती दिलं, कुणावर राग होता, कोणत्या विधवा बहिणीची सोय करून ठेवली. फेरफारात असा जिवंतपणा कधी येत नाही. मुंबईबाहेर मात्र बहुतेकांनी मृत्युपत्र केलंच नाही.

त्याऐवजी दिवाणी कोर्टाकडे वळा. १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखालची वारस प्रमाणपत्रं, नि त्याहून सरस म्हणजे वाटणीचा दावा. वाटणीच्या दाव्यात वंशावळ द्यावीच लागते, नि प्रतिवादी ती खोडून काढायला टपलेला असतो. भांडणातून तयार झालेली वंशावळ प्रेमाने छापलेल्या कुलवृत्तांतापेक्षा जास्त खात्रीची, असा माझा अनुभव. घरातल्या जुन्या माणसांना 'आपला कुणाशी दावा चालला होता का' हे जरूर विचारा. वंशावळ माहीत नसते, दावा सगळ्यांना माहीत असतो.

गोव्यात हा हिशेबच वेगळा. पोर्तुगीज दिवाणी संहितेने मुलींनाही मुलांइतकाच हक्क दिला, त्यामुळे वारसाच्या इन्व्हेंटरी प्रकरणात, म्हणजे मयताची मालमत्ता नि वारस नोंदवून वाटणी करायच्या कारवाईत, मुली, जावई सगळे नावानिशी येतात. गोमंतकीय घराणं असेल तर मी फेरफाराचा आग्रह सोडून तुम्हाला इन्व्हेंटरीकडेच पाठवीन. अट एवढीच, की जुने कागद वाचायला पोर्तुगीज जाणणारं कुणी हवं. मॉरिशसच्या मराठी कुटुंबांनी उलट्या टोकाने यावं: मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, रजिस्टरं आहेत. आधी तिथून गावाचं नाव काढायचं, मग इथला फेरफार.

त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया इथल्या पुरोहितांच्या वह्या मी शेवटी ठेवते, त्या कमी मोलाच्या म्हणून नव्हे. तिथे पूर्वज स्वतः येऊन गेलेला असतो: कुणाच्या अस्थी घेऊन, बरोबर कोण, कधीकधी स्वतःच्या हाताची सही. पण वही गावाच्या नि आडनावाच्या हिशेबाने लावलेली, म्हणून मूळ गाव ठाऊक नसेल तर पुरोहितही काय करणार? शिवाय येणाऱ्याने स्वतःच्या वरच्या दोन पिढ्या आठवून सांगितलेल्या असतात, त्या पडताळायला पुन्हा फेरफारच लागतो. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी येतात, दारात उभं राहून घराण्याची नावं घडाघडा म्हणतात. आले तर चहा द्या, रेकॉर्ड करा, आणि प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढा.

भाच्याला मी हे एवढं सांगितलं नाही. त्याला हक्कसोडपत्राचा फोटो पाठवला. त्या दुसऱ्या आत्याआजीचं नाव घरात कधी कुणी काढलं नाही. का, ते कागद सांगत नाही. पण तिच्या सासरचं गाव त्यात आहे, पलीकडच्या तालुक्यातलं. तिच्या नवऱ्याच्या नावाने तिथल्या अभिलेख कक्षात मंगळवारी नकलेचा अर्ज देणार आहे. १९६० ते १९९०, एवढा पल्ला लिहून ठेवलाय.