क्वांटम डॉटचा संच: पाचव्या कुपीसाठी घ्या

एमएस्सीला ‘पेटीतला कण’, म्हणजे छोट्या जागेत कोंडलेल्या कणाची ऊर्जा, शिकवताना गणित फळ्यावर सुटतं, पण पेटी लहान झाली की ऊर्जा वाढते हे पोरांना दिसत नाही. म्हणून विभागासाठी कॅडमियम सेलेनाइडच्या क्वांटम डॉटचा, म्हणजे इलेक्ट्रॉनला पेटीसारखं कोंडणाऱ्या काही नॅनोमीटरच्या अर्धवाहक कणांचा, हा संच मागवला. टोल्युइन या द्रावकातले चार रंग, शिवाय कवच नसलेल्या कणांची पाचवी कुपी. ४०५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली धरा: अडीच-तीन नॅनोमीटरचे कण हिरवे, सहाच्या आसपासचे लाल. पदार्थ एकच! पोरं हरखून जातात.

पैसे मात्र वसूल होतात पाचव्या कुपीत. तिचा वर्णपट काढा. ५३० नॅनोमीटरच्या आसपास टोकदार शिखर येतं आणि तांबड्या बाजूला एक बुटका, पसरट उंचवटा. एवढ्याशा कणात पुष्कळसे अणू पृष्ठभागावरच असतात. त्यांचे काही बंध अपुरे राहतात आणि बँड गॅपच्या (इलेक्ट्रॉनला एरवी मनाई असलेल्या ऊर्जेच्या पट्ट्याच्या) आत नको त्या ऊर्जापातळ्या तयार होतात. इलेक्ट्रॉन किंवा होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली रिकामी जागा) तिथे अडकलं की प्रकाश कमी ऊर्जेचा निघतो, नाहीतर सगळी ऊर्जा उष्णतेतच जाते. शेजारी झिंक सल्फाइडचं कवच असलेली हिरवी कुपी लावा. उंचवटा जवळपास गायब, उजेड कितीतरी जास्त. रचनेतली उणीव ऊर्जापातळ्यांचं काय करते, हे इतकं स्पष्ट दाखवणारा दुसरा प्रयोग आमच्या प्रयोगशाळेत नाही.

आता तक्रारी. लेबलवर फक्त शिखराची तरंगलांबी आहे, आकारातली तफावत दिलेली नाही. साध्या सूत्रात कण लहान झाल्याने वाढणारी ही बंदिस्तपणाची ऊर्जा त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. आकारात ५ टक्के फरक पडला तर तिच्यात १० टक्के पडतो. शिखराची रुंदी मोजून झाल्यावर ताडून बघायला तो आकडा हवाच. साठवणीबद्दलही पत्रकात एक ओळ नाही. उजेड आणि हवा लागली की बिनकवचाच्या कणांचा पृष्ठभाग ऑक्सिडाइज होतो, गाभा झिजतो, शिखर निळीकडे सरकतं. आमच्या कुपीत ते सुरू झालंय. नव्या-जुन्या वर्णपटांची तुलना मी प्रात्यक्षिकातच घातली आहे, पण विकणाऱ्यांनी हे आधी सांगायला हवं होतं.

स्पेक्ट्रोमीटर असेल तर जरूर घ्या. नुसते रंग दाखवायचे असतील तर एवढा खर्च नको. आणि आत कॅडमियम आहे, उरलेलं बेसिनमध्ये ओतू देऊ नका.