थंडीत ससा कुठे ठेवायचा: बाल्कनी, ड्राय बाल्कनी की हॉल? (ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी)

डिसेंबर लागला की ससे पाळणाऱ्यांचे तेच प्रश्न सुरू होतात, स्वेटर घालू का, बल्ब लावू का, रात्री आत घेऊ का. यूट्यूबवर बघायला जावं तर व्हिडिओ बहुतेक बाहेरच्या देशातले, तिथे बागेत लाकडी खुराडं असतं, बाटलीतलं पाणी गोठतं, बर्फ पडतो. तो सल्ला जसाच्या तसा घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये वापरला तर ससा थंडीने नाही, उकाड्याने हैराण होईल. आपल्याकडे जानेवारीत रात्रीचा पारा साधारण 15 ते 18 अंश, एखादी थंडीची लाट आली तर थोडा खाली, आणि दुपारी परत 30 च्या आसपास. सशाला मानवतं ते साधारण 10 ते 20 अंश. म्हणजे आपण गोधडी काढतो ती रात्र त्याच्यासाठी वर्षातली सगळ्यात सुखाची असते. त्याला त्रास होतो तो ओलीचा आणि अंगावर येणाऱ्या वाऱ्याचा. म्हणून जागा ठरवताना "ऊब कुठे मिळेल" यापेक्षा "कोरडं कुठे राहील" हे बघा, माझं सगळं म्हणणं त्यावरच आहे.

आधी बाल्कनी. मोकळी हवा, सकाळचं ऊन आणि घरात वास नाही हे तिचे फायदे, आणि ते खरे आहेत. पण मजला आणि दिशा बघितल्याशिवाय ठरवू नका. वाशी-नेरूळला खाडीकडे तोंड असलेल्या वरच्या मजल्यावर पहाटेचा वारा थेट ग्रिलमधून पिंजऱ्यावर येतो, आणि पश्चिमेची बाल्कनी असेल तर त्याच सशाला दुपारी तीनला भाजून निघायला होतं, हिवाळा असला तरी. 28-30 अंशांच्या वर सशाला उष्णतेचा त्रास सुरू होऊ शकतो, त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, मुख्यतः कानांतूनच उष्णता बाहेर टाकता येते. खालच्या मजल्यांवर मांजरं, वर कावळे आणि घारी. शिवाय लग्नसराईचे आणि थर्टी फर्स्टचे फटाके, ससा भीतीनेही दगावतो हे खूप जणांना माहीतच नसतं, त्या रात्री तरी त्याला आत घ्याच.

ड्राय बाल्कनी मात्र माझ्या मते पूर्ण बाद. तिथे पिंजरा कोणाच्या पायात येत नाही म्हणून लोक ठेवतात, पण वॉशिंग मशीनचं पाणी, ओले कपडे, फिनाइल, मशीन फिरताना होणारी थरथर, काही घरांत गॅस गीझरही तिथेच. नाव ड्राय असलं तरी हिवाळ्यात तिथली फरशी लवकर वाळत नाही.

हॉलचा कोपरा मला सगळ्यात बरा वाटतो, म्हणजे खिडकी आणि एसीच्या थेट समोर नको, पंख्याखाली नको, भिंतीला किंवा कपाटाला लागून. तोटे आहेतच, वायर दिसली की ससा कुरतडणारच त्यामुळे चार्जर-एक्स्टेंशन सगळं उचलावं लागतं, गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरतात म्हणून सतरंजी लागते, आणि अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल हे त्याच्यापासून लांब ठेवावं लागतं कारण त्याची श्वासनलिका नाजूक असते. पण माणसांच्या नजरेसमोर असलेला ससा खायचा थांबला की त्याच दिवशी कळतं, आणि सशाच्या बाबतीत तेवढ्यावर खूप काही अवलंबून असतं. सकाळी नऊ-दहापर्यंत बाल्कनीत उन्हाला सोडा, समोर बसा, मग आत.

घर लहान आहे, बाल्कनीशिवाय पर्यायच नाही असं असेल तर तेही जमतं. पिंजरा फरशीवर टेकवू नका, खाली पाट किंवा विटा घालून उचला, तीन बाजूंनी जुनी चादर लावा आणि समोरची बाजू उघडी ठेवा. प्लॅस्टिकने चारही बाजू बंद करणं सगळ्यात वाईट, आत वाफ आणि सूचा वास कोंडतो. एक पुठ्ठ्याचा खोका दार कापून उलटा ठेवा, टेप आणि पिना काढून टाका, ससा त्यात शिरून बसतो आणि त्याच्याच अंगाच्या उबेने आत पुरेसं गरम होतं.

आता खाली काय घालायचं. गोणपाट सगळ्यांकडे असतं म्हणून तेच घातलं जातं, आणि माझा आक्षेप त्यालाच आहे. सकाळी हात घालून बघा, वरून कोरडं दिसतं, पण बोटाने दाबलं की गार ओल लागते आणि नाकाशी नेलं की डोळ्यात पाणी येईल असा तिखट वास. तो लघवीतून सुटणारा अमोनिया वायू रात्रभर सशाच्या नाकात जातो, सर्दीला आणि छातीच्या आजाराला वाट तिथून मिळते. वर त्याचे सुटे धागे ससा गिळतो ते वेगळंच. टॉवेलच्या दोऱ्यांत नखं अडकतात. नुसतं वर्तमानपत्र ओल शोषतं पण पाय घसरतात. लाकडाचा भुसा धुळकट असतो, त्यात पाइनचा असेल तर नकोच. फ्लीसची (मऊ कृत्रिम कापडाची) चादर चांगली, ओल खाली झिरपते आणि वर कोरडं राहतं, पण खाली शोषणारं काहीतरी लागतं आणि वरचेवर धुवावी लागते. माझी पसंती खाली वर्तमानपत्राचे जाड थर आणि वर भाताचा पेंढा. भातकापणीनंतर पनवेल, शीळ, बदलापूरकडे कोणी ओळखीचं असेल तर पोतंभर सहज मिळतो. फक्त काळपट किंवा कुबट वासाचा घेऊ नका, ती बुरशी असते. जाळीच्या तळाचा पिंजरा असेल तर निम्म्या भागात तरी लाकडी फळी टाका, जाळीवर उभं राहून तळपायाला जखमा होतात.

बल्ब, हीटर, स्वेटर यांची तुलना लांबवत नाही. मोठ्या धडधाकट सशाला आपल्याकडे यातलं काहीच लागत नाही. बल्बने भाजतं, वायर कुरतडली जाते. स्वेटर तो चावून त्याचे धागे खातो, आणि अंगावर निसर्गाने दिलेली लोकर आहेच. कान गार लागले म्हणून घाबरू नका, ऊब वाचवायला शरीर कानातला रक्तपुरवठा कमी करतं, आतलं तापमान 38.5 ते 40 अंश असतं. अपवाद पिल्लांचा, म्हातारा किंवा आजारी असेल त्याचा. दुकानात आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लंही सर्रास विकतात, त्यांना ऊब धरता येत नाही. त्यांच्यासाठी कोमट पाण्याची बाटली जाड कापडात गुंडाळून एका बाजूला ठेवा, दुसरी बाजू मोकळी, म्हणजे नको वाटलं की लांब सरकता येईल.

सशाचा खरा हीटर म्हणजे सुकं गवत. पोटात ते आंबताना उष्णता तयार होते, दात झिजतात, पोट चालतं. खाण्यात 80 टक्के तरी गवतच हवं. टिमोथी नावाचं सुकं गवत महाग पडतं पण मोठ्या सशाला तेच योग्य, लसूणघास स्वस्त आणि त्याला आवडतो पण त्यात कॅल्शियम आणि प्रोटीन जास्त, तो सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांना ठीक, मोठ्यांना कधीतरी. पेलेट्स (सशांच्या तयार खाद्याच्या गोळ्या) दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण 25 ग्रॅम, थंडी आहे म्हणून वाढवू नका. भाजीत या दिवसांत मुळ्याचा पाला ताजा आणि स्वस्त मिळतो, सोबत कोथिंबीर, पाणी निथळून आणि फ्रिजमधला गारवा जाऊ देऊन द्या. लाल गाजराची एखादी चकतीच, साखर फार असते. पाण्याला नळीच्या बाटलीपेक्षा जड चिनी मातीचं भांडं बरं, त्यातून ससे जास्त पितात.

आंघोळ कधीच नको, अंग आतपर्यंत ओलं झालं की ससा गारठतो. मागची बाजू मळली तर ओल्या कपड्याने पुसून पूर्ण कोरडी करा, आपल्याकडे हिवाळ्यातही माश्या असतात आणि ओल्या केसांत अंडी घालतात. रोज पुढच्या पायांची आतली बाजू बघा. तिथले केस चिकटून गुठळ्या झाल्या असतील तर ससा वाहतं नाक पायाने पुसतोय, सर्दी आहे. माणसांची अँटिबायोटिक्स देऊ नका, तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलीन सशाला जिवावर बेतू शकतं, आणि कुत्र्यांचं फिप्रोनिलचं गोचीडनाशकही विषारी ठरतं. बारा तास खाल्लं नाही किंवा लेंड्या दिसल्या नाहीत तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा. सगळेच प्राण्यांचे डॉक्टर ससे बघत नाहीत, त्यामुळे आत्ताच जवळपासच्या दोन-तीन दवाखान्यांत फोन करून कोण बघतं आणि रात्री कोण उघडं असतं ते विचारून नंबर सेव्ह करून ठेवा.