लाइव्ह प्रोजेक्टचे सहा महिने: शिकायला भरपूर मिळालं, पण हजेरीच्या अ‍ॅपने सर्टिफिकेट अडकवलंय

सर्टिफिकेट अडकलंय म्हणून लिहायला बसलेय, हे आधीच सांगते. एमएमएसच्या (मुंबई विद्यापीठाचा एमबीएसारखा कोर्स) सेकंड इयरला आहे, कॉलेज नवी मुंबईतलं, नाव घेत नाही, घर कळव्याला. आमच्याकडे समर इंटर्नशिप वेगळी आणि तिसऱ्या सेमपासूनचा हा लाइव्ह प्रोजेक्ट वेगळा. चार जणांचा ग्रुप, एक छोटी कंपनी, आठवड्याचे दोन दिवस, ऑगस्ट ते जानेवारी. फी वेगळी, १५,००० रुपये, एकरकमी. ४८ दिवस धरले तर दिवसाचे ३१२ रुपये झाले, वर ठाणे स्टेशनपासून वागळेपर्यंतचं रिक्षाभाडं आपलं आपण. स्टायपेंड शून्य. आणि काल कॉलेजच्या ऑफिसमध्ये कळलं की माझी हजेरी ६५ टक्के भरतेय, सर्टिफिकेटला ७५ लागते. मी त्या ४८ पैकी फक्त ३ दिवस घरी होते, तेही गौरी-गणपतीत.

झालंय असं की हजेरी अ‍ॅपवर लागते. साइटवर पोचलं की सेल्फी काढायचा, लोकेशन कंपनीच्या पत्त्याच्या १०० मीटरच्या आत दिसलं तर हजर, नाहीतर लाल. आमचा गाळा वागळे इस्टेटला, वर पत्रा, आत बेंडिंग मशीन आणि प्रेस, रेंज येते-जाते. पाच वेळा लोकेशन भलतीकडेच दाखवलं आणि लाल लागलं. बाकीचे नऊ दिवस का लाल ते पुढे सांगते, कारण खरं सांगायचं तर सगळा प्रोजेक्ट त्या नऊ दिवसांत आहे.

कंपनी म्हणजे शीट मेटलचं काम, इलेक्ट्रिकल पॅनलचे डबे बनवतात, पावडर कोटिंग बाहेरून करून घेतात. बावीस माणसं. मालक काका स्वतः शॉप फ्लोअरवर उभे असतात. पहिला महिना मला अजिबात आवडलं नव्हतं, आणि सप्टेंबरमध्ये आमच्या बॅचच्या ग्रुपवर मी स्पष्ट लिहिलं होतं की पैसे वाया गेले, ज्युनिअर्सनी घेऊ नका. स्टोअरमध्ये बसून नट-बोल्ट आणि पत्र्याचे तुकडे मोजायचे, बिन कार्डशी (कप्प्यावरच्या साठ्याच्या नोंदीशी) जुळवायचे, संध्याकाळी हात काळे. यासाठी सीईटी दिली का असं वाटायचं. ते मत मी आता मागे घेतेय, अ‍ॅपवरचं मात्र अजिबात नाही.

काकांचं दुखणं उधारीचं होतं. वर्षाची विक्री २ कोटी १६ लाख आणि पार्ट्यांकडे, म्हणजे माल घेणाऱ्या कंपन्यांकडे, अडकलेले ५४ लाख, म्हणजे ९१ दिवसांच्या विक्रीएवढी उधारी. पत्रावाला मात्र ३० दिवसांत पैसे मागतो. मधली भर बँकेच्या सीसीमधून, म्हणजे कॅश क्रेडिटच्या कर्जातून, ११ टक्क्यांनी. वर्गात वर्किंग कॅपिटल सायकल (धंद्यात घातलेला पैसा किती दिवसांनी परत हातात येतो) काढून मला इंटर्नलला १० पैकी ९ मिळालेले, त्यामुळे हा आपला विषय आहे असं वाटलं आणि आम्ही जोरात पीपीटी केलं. ४० स्लाइड. एमएसएमई (छोट्या-मध्यम उद्योगांचा) कायदा २००६, त्यात छोट्या कंपनीचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. शिवाय आयकराच्या १९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच), १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेलं, की मायक्रो-स्मॉल कंपनीचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर वर्षअखेरीला बाकी राहिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, पैसे देईल त्या वर्षीच धरता येते. सरकारच्या समाधान पोर्टलवर अडकलेल्या पैशांची तक्रार कशी करायची त्याचे स्क्रीनशॉटसुद्धा टाकले.

काकांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "अगं बाळा, कायदा मला माहितीये. पण तक्रार केली आणि पार्टी तुटली तर पुढच्या महिन्यात बावीस जणांचा पगार कशातून काढू? सोमवारी सकाळी आल्यावर मी काय करू, तेवढं सांग."

आमच्या चाळीस स्लाइडमध्ये सोमवारी सकाळचं काहीच नव्हतं. घरी येताना कळवा पुलावर रिक्षा अडकली होती आणि आम्ही चौघंही गप्प.

मग अकाउंटवाल्या ताईंच्या शेजारी बसून एकेक बिल काढलं. बिल मालाबरोबरच जातं, त्यात उशीर नाही. पण पार्टीच्या गेटवर डिलिव्हरी चलनावर (मालासोबतच्या कागदावर) शिक्का बसतो, ती शिक्क्याची कॉपी बिलासोबत त्यांच्या अकाउंटला पोचल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही, आणि ते आपले दिवस तिथून मोजायला लागतात. कॉपी ताईंकडे कधी येते? त्यांनी आवक रजिस्टर दाखवलं. माल गेल्यावर दहा दिवसांनी, बारा दिवसांनी, एकदा तर सतरा. का, ते त्यांनाही सांगता येईना, त्या म्हणाल्या ड्रायव्हरला विचारा.

म्हणून मी आणि ग्रुपमधली एक मैत्रीण, दोघी माल पोचवणाऱ्या टेम्पोत बसून गेलो. ऑक्टोबरपासून नऊ वेळा. वागळेहून कळवा, विटाव्याचा रेल्वेपूल, मग ठाणे-बेलापूर रोडने रबाळे नाहीतर महापे एमआयडीसी. विटाव्याला पाऊस पडला की पाणी भरतं, एकदा दीड तास तिथेच गेला, तेव्हा ड्रायव्हर मामांशी नीट बोलणं झालं. टेम्पो त्यांचा स्वतःचा, कंपनी भाड्याने घेते. भाड्याचा हिशेब पंधरा दिवसांनी व्हायचा, ते गाळ्याच्या ऑफिसात पाऊल टाकायचे ते भाडं घ्यायलाच, म्हणून शिक्क्याचे कागदही तेव्हाच यायचे, तोवर डॅशबोर्डवर रबर बँड लावून पडलेले. त्यात काही लाखांची बिलं होती. मामांची चूक काहीच नाही, त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं की या कागदावर पैसे अडतात. मला म्हणाले, "ताई, आधी बोलला असता तर रोज दिले असते की."

एवढंच होतं. गेटवर शिक्का बसला की मामा तिथूनच फोटो ताईंना व्हॉट्सअ‍ॅप करणार, मूळ कॉपी शनिवारी आणणार आणि त्याच शनिवारी भाडं घेऊन जाणार. बिलाच्या फॉरमॅटवर उद्यम नंबर (एमएसएमई म्हणून नोंदणीचा नंबर) नव्हता तोही टाकला. आणि इथे तो कायदासुद्धा उपयोगी पडला, कारण मुदत माल स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजतात आणि पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल पोचला तोच दिवस धरतात. म्हणजे शिक्का आणि तारीख हाच तुमचा पुरावा. तक्रार न करता नुसती तारीख दाखवून नम्रपणे आठवण करता येते, ताई आता तशीच मेल टाकतात. जानेवारी अखेर उधारी ५४ वरून ४७ लाखांवर आली, साधारण ७९ दिवस. ७ लाखांवरचं ११ टक्के व्याज म्हणजे वर्षाला ७७ हजार. दिवाळीला काकांनी कामगारांबरोबर आम्हा चौघांनाही मिठाईचा बॉक्स आणि पाकीट दिलं, माझं पाकीट आईने देवापुढे ठेवलं.

तर शिकायला मिळतं का, हो, भरपूर. पण कॉलेजने यात काय केलं ते सांगते. मेंटर सर सहा महिन्यांत दोनदा आले, एकदा फोटोसाठी. आठवड्याचे दोनच दिवस, बाकी चार दिवस लेक्चर, त्यामुळे मंगळवारी समजलेलं शुक्रवारपर्यंत विरायचं. मिशिगनच्या रॉस बिझनेस स्कूलमध्ये १९९२ पासून असाच मॅप नावाचा कोर्स आहे, पण तिथे सात आठवडे बाकीचे वर्ग बंद ठेवून मुलं फक्त प्रोजेक्टच करतात. एवढं आपल्याकडे लगेच होणार नाही मान्य, पण सलग एक महिना तरी द्या. आमच्या चौघांचे मिळून ६०,००० घेतले, त्यातला एक रुपया ना काकांना गेला ना मामांना, आणि शिकवलं त्यांनी.

आणि परत अ‍ॅप. टेम्पोत होते ते नऊही दिवस अ‍ॅपने मला गैरहजर धरलंय, कारण लोकेशन रबाळ्याचं किंवा महाप्याचं. जी मैत्रीण माझ्यासोबत यायची तिचेही नऊ लाल, पण तिची रजा एकही नाही आणि पत्र्याखाली तिचा फोन बरा चालला, म्हणून ती ७५ च्या वर निसटली. बाकीचे दोघं गाळ्यात एसीखाली बसून स्लाइड सजवत होते, त्यांची हजेरी ९६ टक्के. त्यांच्यावर माझा राग नाही, तेही काम होतं. पण ज्या दिवशी खरं काम कळलं तोच दिवस गैरहजर लागत असेल तर पुढच्या बॅचचं कोणी टेम्पोत बसणारच नाही, आणि मला याचीच सगळ्यात जास्त चीड आहे. को-ऑर्डिनेटर मॅडमना तीन मेल केल्या, उत्तर एकच, सिस्टिममध्ये बदल करता येत नाही.

ज्युनिअर्सनो, घ्या हा प्रोजेक्ट, माझं सप्टेंबरचं मत खोडा. फक्त फी भरायच्या आधी लेखी विचारून घ्या की कंपनीच्या बाहेरच्या कामाची हजेरी कशी लागणार, आणि दर दिवसाचा काहीतरी कागद जपून ठेवा.

माझ्याकडे आहेत, नशीब. रबाळे आणि महाप्याच्या गेटवर सिक्युरिटीवाले व्हिजिटर स्लिप देतात, नऊच्या नऊ मी डायरीत ठेवलेल्या, तारीख आणि टेम्पोच्या नंबरसकट. काकांनी लेटरहेडवर लिहून दिलंय. ते नऊ दिवस धरले की ३१ चे ४० होतात, म्हणजे ८३ टक्के. ताईंनी सगळ्याची झेरॉक्स काढून दिली, उद्या सकाळी अकराला कॉलेजच्या ऑफिसमध्ये देतेय आणि त्यांच्याकडून पोच म्हणून शिक्का मारूनच घेणार आहे.