ब्लूज ज्युनिअरमध्ये ग्रीनबॅक: एक हंगाम वाजवल्यानंतर

गिटारचा अँप फेंडर ब्लूज ज्युनिअर: 15 वॅट, दोन ईएल84 पॉवर व्हॉल्व्ह (आवाजाला जोर देणाऱ्या काचेच्या नळ्या), एकच 12 इंची स्पीकर, मागून अर्धवट उघडं खोकं. त्यातला मूळ स्पीकर काढून सेलेस्टियन कंपनीचा जी12एम ग्रीनबॅक हा स्पीकर घातला. 25 वॅट, 8 ओहम. जूनच्या तोंडावर बसवला आणि त्यानंतर सांगलीचा पावसाळा, गणपती, नवरात्र, लग्नसराई असं सगळं त्याने काढलं. तारांचा आवाज उचलणारे पिकअप ज्यांचे सिंगल कॉइल (एका कॉइलचे, धारदार) आणि हंबकर (दोन कॉइलचे, जाड) आहेत, अशा दोन्ही गिटारी त्यावर वाजल्या.

निकाल आधीच सांगतो. अँपचा व्हॉल्यूम चढवून, क्रंच (किंचित फाटलेला, खरबरीत आवाज) काढून वाजवणाऱ्याने हा स्पीकर बिनधास्त घ्यावा. ऑर्केस्ट्रात ढोलकी आणि कीबोर्डच्या जोडीने शेवटपर्यंत स्वच्छ आवाज हवा असेल, तर घेऊ नये.

कारण स्पीकरच्या घडणीतच आहे. ग्रीनबॅक 1960च्या दशकातला. आवाज काढणारा कागदी कोन (शंकूसारखा पडदा) हलका, त्याला हलवणारी तारेची कॉइल पावणेदोन इंची, मॅग्नेट सिरॅमिक. मार्शल कंपनीच्या मोठ्या खोक्यात असे चार बसत, म्हणजे मिळून 100 वॅट झेलत. हलका कोन जोर वाढला की सपाट पुढे-मागे न होता जागोजागी वाकतो, त्यामुळे आवाजाची धार मोडते आणि मधला पट्टा भरून येतो. 5 किलोहर्ट्‌झच्या वर तो फारसं काही देत नाही. ‘व्हिंटेज’ आवाज म्हणतात तो बहुतांशी हाच.

प्रत्यक्ष फरक असा पडला. ब्रिज पिकअपवर (तारांच्या खालच्या टोकाजवळचा) जो कर्कशपणा होता तो गेला. ट्रेबल पूर्वी 4 वर ठेवावा लागे, आता 6 वर चालतो. मिडल 5 च्या पुढे न्यायची गरज नाही आणि आवाज जाड करणारं फॅटचं बटण जवळपास वापरातूनच गेलं, कारण मधला भाग आधीच जाड आहे. बासमध्ये मात्र तडजोड आहे. हंबकर, नेक पिकअप (गिटारच्या मानेजवळचा) आणि व्हॉल्यूम 6 च्या वर असं असेल तर खालची ई तार गिच्च होते, ठोका उमटत नाही. बास 3 वर आणायचा आणि अँप जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवायचा. एवढ्याने बरंच सुटतं. जमीन खालचे सूर फुगवते, आणि या लहान खोक्यात ते लगेच जाणवतं.

पहिले काही आठवडे आवाज ताठ आणि थोडा नाकातला येतो. कोनची कड आणि त्याला मागून धरणारी लवचिक चकती सैलावली की रेझोनन्स (स्पीकरचा स्वतःचा सूर) थोडा खाली येतो आणि खालचा भाग उघडतो. त्याआधी स्पीकर परत करायचं ठरवू नका.

आता निवडीबद्दल, कारण खरे पैसे तिथेच वाया जातात. सगळ्यात आधी ओहम, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा; तो अँपला हवा तेवढाच हवा. हाच मॉडेल 8 आणि 16 अशा दोन्हींत येतो. 16 चा हाताशी मिळतोय म्हणून 8 च्या अँपला जोडू नका. पॉवर घटते आणि जोरात वाजवताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणारा भाग) जादा व्होल्टेजचा ताण येतो. 4 ओहम जोडला तर व्हॉल्व्ह लवकर झिजतात. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अँप वाजवणं तर सर्वांत वाईट, ट्रान्सफॉर्मरच जाऊ शकतो. ट्रान्झिस्टर अँपचं उलट आहे: तिथे जास्त ओहम चालतात, लिहिल्यापेक्षा कमी चालत नाहीत.

मग वॅट. 15 वॅटच्या व्हॉल्व्ह अँपचा आवाज पूर्ण फाटेपर्यंत चढवला की तो 15 पेक्षा जास्त देतो. म्हणून 25 चा स्पीकर ठीक, पण सेलेस्टियनचाच अल्निको (धातूच्या) मॅग्नेटचा ब्लू (15 वॅट) एकटा इथे काठावर येतो. 40 वॅटच्या अँपवर एकटा ग्रीनबॅक जळणार हे धरून चला.

लोक वॅट बघतात आणि सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॅटमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो, डेसिबलमध्ये) सोडून देतात, ही मला सर्वांत खटकणारी गोष्ट. 3 डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट वॅटचा फरक. 97 डेसिबलच्या स्पीकरवर 30 वॅट लागतील तेवढा आवाज 100 डेसिबलचा स्पीकर 15 वॅटमध्ये देतो. ग्रीनबॅक 97–98 च्या घरात आहे. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरासारख्या सभागृहात ड्रमसोबत स्वच्छ आवाज हवा, तर माइक लावण्याशिवाय पर्याय नाही. माइक लावल्यावर मात्र हा स्पीकर फार सोयीचा: एसएम57 माइक डस्ट कॅपच्या (कोनच्या मधल्या टोपीच्या) कडेसमोर, अँपच्या पुढच्या जाळीपासून दोन बोटं ठेवला की मिक्सरवर वरचे सूर कापावे लागत नाहीत. स्वच्छ आवाजच हवा असेल तर जेन्सन कंपनीचा सी12एन, 50 वॅट, हा अमेरिकी धाटणीचा पर्याय बघा.

साउंडच्या दुकानात 12 इंची पीए वूफर (सभेच्या साउंडमधला बासचा स्पीकर) दाखवतील आणि तो निम्म्या किमतीत येईलही. घेऊ नका. त्याचा कोन जड असतो, आणि गिटारला लागणारा 2 ते 4 किलोहर्ट्‌झचा उठाव त्यात नसतो; गिटार गोधडीखालून वाजल्यासारखी येते.

पार्सल सांगलीत पोहोचेपर्यंत बरंच आपटलेलं असतं, म्हणून बसवण्याआधी तपासा. दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून हलकेच, सारखा दाब द्या. खरखर ऐकू आली तर कॉइल घासते आहे, तसाच परत पाठवा. मल्टिमीटरवर 8 ओहमचा स्पीकर 6 ते 7 दाखवतो, 16 चा 12 ते 13. हे बरोबरच आहे, कारण तो डीसी रेझिस्टन्स असतो. मॅग्नेटची खोलीही मोजा. अल्निकोवाले बऱ्याचदा जास्त खोल असतात आणि लहान कॉम्बोत (अँप आणि स्पीकर एकाच खोक्यात असलेल्या) व्हॉल्व्ह किंवा ट्रान्सफॉर्मरला टेकतात.

बसवताना प्लग काढून व्हॉल्व्ह पूर्ण थंड होऊ द्या. अँपची चासी (आतला इलेक्ट्रॉनिक्सचा पत्र्याचा भाग) उघडायची गरज नाही, फक्त मागची फळी काढायची. अँप सतरंजीवर पालथा घाला, म्हणजे नट सुटले तरी स्पीकर जागेवर राहतो. वायरींचा फोटो काढून ठेवा. मॅग्नेटचा ओढा असा की पाना हातातून निसटून थेट कोनमध्ये घुसतो. म्हणून कोनच्या मागच्या उघड्या भागावर पुठ्ठा कापून ठेवा. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) ओळखीच्या वर्कशॉपमध्ये हे काम करायचा मोह होईल, तो टाळा. लोखंडाचा कीस टेबलावर दिसतही नाही, पण एकदा मॅग्नेटच्या फटीत गेला की बाहेर काढता येत नाही आणि कॉइल कायमची खरखरते.

नट समोरासमोरचे, आलटून-पालटून आवळा. गॅस्केट (स्पीकरच्या कडेची मऊ पट्टी) जरा दबलं की थांबा. जोर लावून आवळल्यास पत्र्याची चौकट पिळते आणि चांगला स्पीकर घासायला लागतो. नंतर प्लस-मायनस तपासायला स्पीकरला 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. प्लसला प्लस लागल्यावर कोन पुढे यायला हवा. वायर शक्यतो स्लाइड क्लिपने लावा. सोल्डरच करायचं तर झटपट करा, नाहीतर टर्मिनलच्या मागची विणीची तार सुटते. वायर स्पीकरचीच हवी, गिटारची शील्डवाली नको.

महिन्याभराने गॅस्केट बसतं आणि नट सैल पडतात. इथे तसंच झालं: ठरावीक सुराला किरकिर यायला लागली. असं झालं की आधी नट, मग मागच्या फळीचे स्क्रू, मग हँडल असं एकेकावर हात दाबून बघा. ईएल84 स्वतःही किणकिणतात, त्यामुळे स्पीकरला लगेच दोष देऊ नका. खूप जोरात, वरच्या तारा ओढताना सुराखाली एक भलताच, न जुळणारा सूर ऐकू येतो. तो कोनच्या कडेचा असतो. हलक्या कोनांचा हा स्वभाव आहे, आवाज थोडा खाली घेतला की जातो.

पावसाळ्यात कागदी कोन ओल धरतो, आवाज मंद होतो. हेअर ड्रायर लावू नका, कड कडक होऊन चिरते. प्लास्टिकऐवजी सुती खोळ घाला, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि अँप भिंतीपासून सुटा, फळीवर ठेवा. अडगळीत ठेवणार असाल तर मागची उघडी बाजू जाळीने बंद करा, उंदीर कोनचा कागद कुरतडतात.

काढलेला मूळ स्पीकर विकू नका. नव्याच्या खोक्यात, कोनवर पुठ्ठा टाकून ठेवा. अँप विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक तो आधी विचारतं, आणि ऐन लग्नसराईत ग्रीनबॅकची कॉइल गेली तर दुसरा मागवून येईपर्यंत कार्यक्रम त्याच्यावरच निभावतात.